मदत हवी आहे: ब्लाइंड क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये थीटा गुपित असूनही कोन का फुटतो?

नमस्कार,

ब्लाइंड क्वांटम कॉम्प्युटिंग म्हणजे दुसऱ्याच्या क्वांटम संगणकावर (सर्व्हरवर) आपलं गणित त्याला कळू न देता करून घेणं. त्यासाठीचा ब्रॉडबेंट, फिट्झसायमन्स आणि कशेफी यांचा २००९ चा प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत) नीट कळावा म्हणून त्याचं छोटं सिम्युलेशन लिहितेय. चार दिवस एकाच पायरीवर अडकलेय.

मला समजलेलं असं: माझ्याकडे क्वांटम संगणक नाही, एकेक क्यूबिट (क्वांटम माहितीचं एकक) तयार करून पाठवता येतो, बस. प्रत्येकाला ४५ अंशांच्या पटीतल्या आठ कोनांपैकी एक रँडम कोन, म्हणजे दिशा, देते. हा थीटा, फक्त मला माहीत. सर्व्हर ते क्यूबिट एकमेकांत गुंतवतो (एंटँगल करतो). खऱ्या गणिताचा कोन फाय मी सांगत नाही, डेल्टा सांगते. सर्व्हर त्या कोनात मोजून ० किंवा १ कळवतो.

डेल्टा = फाय + थीटा + आर × १८० अंश

आर हा रँडम ० किंवा १. तो १ असेल तर आलेलं उत्तर मी उलटं धरते.

थीटा रँडम आहेच, मग आर कशाला, म्हणून तो काढून टाकला. डेल्टाचे आठही कोन सारखेच येत होते. मग लबाड सर्व्हर लिहिला: पहिला क्यूबिट गुंतवायचाच नाही, थेट डेल्टा कोनात मोजायचा. फाय ० असताना १००० पैकी १००० वेळा ० आला! फाय ४५ ला साधारण ८५० वेळा. आर परत घातला की दोन्हीकडे निम्मे-निम्मे.

असं का होतं? आणि सर्व्हर लबाडी करतोय हे मला कळणार कसं?

प्रतिसाद:
तुम्ही एकटा डेल्टा पाहिलात. सर्व्हरच्या हातात क्यूबिटही आहे आणि थीटा त्यातच दडलाय. आर नसेल तर डेल्टा कळताच क्यूबिट 'डेल्टा वजा फाय' या दिशेला आहे हे पक्कं, म्हणजे दिशेत फाय आलाच. आर असेल तर तो त्या दिशेला किंवा बरोबर उलट, शक्यता निम्मी-निम्मी. असं मिश्रण कुठल्याही कोनात मोजा, ० आणि १ निम्मेच येणार, फाय काहीही असो. सर्व्हर कितीही ताकदवान असला तरी इथे त्याचं काही चालत नाही. मला हा प्रोटोकॉल याचसाठी फार आवडतो.

लबाडीचं वेगळं. गुप्तता पाळली गेली म्हणून उत्तर बरोबरच असेल असं नाही. त्यासाठी फिट्झसायमन्स आणि कशेफी यांनी सापळा क्यूबिट आणले, म्हणजे ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं असे. सापळ्याचे शेजारी ० किंवा १ अवस्थेत पाठवा, म्हणजे तो कुणात गुंतत नाही. (शेजारी १ असेल तर सापळा १८० अंशांनी फिरतो, तो हिशोब धरा.) फाय ० ठेवा. उत्तर आरच यायला हवं. तुमचे ते १००० पैकी १००० इथे कामाला येतात. सापळा कुठला हे मात्र सर्व्हरला ओळखता येत नाही.

धागाकर्ती:
खूप आभार, दिशेचं आता डोळ्यांसमोर आलं! सापळा घालून पाहिला. मनाला येईल ते उत्तर पाठवणारा सर्व्हर एका सापळ्यात निम्म्या वेळा सापडतो. पण एकाच क्यूबिटचं उत्तर उलटवणारा बहुतेकदा निसटतो. त्याला कसं पकडायचं?

प्रतिसाद:
गणित त्रुटी सुधारणाऱ्या कोडमध्ये बसवा. मग निकाल बिघडवायला त्याला बरेच क्यूबिट उलटवावे लागतील, आणि तेवढ्यात एखादा सापळा लागण्याची शक्यता खूप वाढते.