मदत हवी आहे: एकाच टीमच्या दोन गाड्या ओळखायच्या कशा?

फॉर्म्युला वन बघायला लागलोय आणि टीम्स आता कळतात, पण टीममेट्समध्ये घोळ होतो. फेरारी लाल हे दिसतं हो, पण आत लेक्लेर की हॅमिल्टन ते कळेपर्यंत गाडी कॉर्नरच्या पार! नंबर पाठ आहेत, 16 लेक्लेर आणि 44 हॅमिल्टन, 2014 पासून ड्रायव्हर स्वतःचा नंबर निवडतात म्हणून ते सोपं जातं, पण स्पॉन्सरच्या गर्दीत तो नंबर टीव्हीवर दिसतो कुठे?

हेल्मेटवर भरवसा ठेवावा तर आता सीझनमध्ये डिझाइन बदलत राहतात. 2015 ला त्यावर बंदी आणली होती, ती 2020 मध्ये उठवली, माझ्या मते चूकच केली. जुन्या रेस बघताना बरं वाटतं, 1988 च्या मॅक्लारेनमध्ये सेनाचं पिवळं हेल्मेट लांबूनही दिसतं, प्रॉस्टचं निळं-पांढरं-लाल, विषय संपला.

ड्रायव्हरच्या डोक्यावर जो कॅमेरा असतो तो टीमच्या एका गाडीवर काळा आणि दुसरीवर पिवळा असतो हे माहितीये. तर प्रश्न असा, काळा कोणाचा नि पिवळा कोणाचा हे टीमवाइज लक्षात कसं ठेवता? आणि समोरून शॉट असेल, पावसाचं पाणी उडत असेल, तेव्हा नेमकं काय बघता? स्क्रीनवरची ड्रायव्हरच्या नावाची तीन अक्षरं बघ असं प्लीज सांगू नका, ती बघेपर्यंत ओव्हरटेक होऊन जातो 😅