हॉट टब: थंडीत बिल, उन्हाळ्यात उकळी. सल्ला हवाय

खडीसाखर:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ प्लेनोत राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकाचा हॉट टब तसाच आला, त्यांनी न्यायला साफ नकार दिला. ४०० गॅलनचा म्हणजे १५०० लिटर, २४० व्होल्टवाला, हीटर ५.५ किलोवॅट. आम्ही मागितला नव्हता पण आता सगळ्यांना सवय लागलीय, सासूबाईंच्या गुडघ्यांना तर फारच मानवलाय.
प्रश्न दोन. एक, डिसेंबर-जानेवारीत बिल बघून नवरा गप्प होतो. वीज १५ सेंट युनिट पडते. दोन, उन्हाळ्यात उलटंच, हीटर ८० फॅरनहाइटला लावला तरी पाणी ९६-९७ च्या खाली येतच नाही आणि मुलांना तेव्हा गार पाण्यात खेळायचं असतं. मुलं ४ आणि ८ वर्षांची. कुणीतरी म्हणालं हीट पंप घ्या, गरम आणि गार दोन्ही करतो. बजेट ८०० डॉलर. झाकण जुनं आहे, उचलताना जड लागतं. वापर शनिवार-रविवार आणि मधे एखादा दिवस. आता मार्च आहे तोवर काय ते ठरवायचंय. काय करू?

वाळवंटी:
हीट पंप. डोळे झाकून घ्या. आम्ही फीनिक्सला आहोत, इन्व्हर्टरवाला घेतला, ४२०० ला पडला, वर इलेक्ट्रिशियनचे वेगळे. बाहेर ११२ असताना आमचं पाणी ८२. हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळे १ युनिट विजेत ४-५ युनिटचं काम होतं, आणि उन्हाळ्यात तेच उलटं फिरवायचं. शेजारीपाजारी येऊन बघून जातात. घेताना स्वस्तातला घेऊ नका एवढंच सांगेन, कूलिंग नसलेलं मॉडेल गळ्यात मारतात.

खडीसाखर:
बजेट ८०० आहे हो.

वाळवंटी:
हो वाचलं, पण एकदाच होतो खर्च.

नाना_मिनेसोटा:
झाकण जड लागतं म्हणालात ना, मग पुढचं काही वाचायची गरजच नाही. आत फोम असतो त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी फाटली की वाफ फोममध्ये शिरते आणि तो पाणी पितो. चारपाच वर्षांत झाकणाची लादी होते. ओला फोम उष्णता अडवत नाही, वर बर्फ पडला तर वितळतो हे आम्ही इथे उणे २० मध्ये बघतो, ज्याच्या झाकणावरचा बर्फ वितळला त्याचं झाकण गेलं असं समजायचं. टबची उष्णता मुख्यतः वरून जाते, त्यातही वाफेने. १ लिटर पाणी वाफ होऊन गेलं की ०.६७ युनिटच्या आसपास उष्णता घेऊन जातं. नवीन झाकण ४५० ते ६०० ला, मापाने करून मिळतं. त्याच्याखाली पाण्यावर तरंगणारी बबलवाली शीट टाका, ती ५० ला येते. झाकणाच्या मधल्या घडीत फट असते तिथे हात धरून बघा रात्री, गरम वाफ लागली तर पैसे तिथून चाललेत.

सदाशिवपेठी:
आमच्याकडे तांब्याचा बंब होता. चार लाकडं, एक गोवरी, अख्ख्या वाड्याच्या आंघोळी व्हायच्या. गुडघ्यांसाठी म्हणाल तर वज्रेश्वरीची कुंडं आहेत, कोकणात उन्हवरे आहे, तुरळ-राजवाडीला आहे, फुकट गरम पाणी, ना हीटर ना बिल. अंगणात दीड हजार लिटर पाणी महिनोन्‌महिने तापवत ठेवायचं आणि मग म्हणायचं बिल येतं.

यमी:
काका, प्लेनोहून वज्रेश्वरीला जायला किती युनिट लागतील?

सदाशिवपेठी:
मी मुद्दा मांडला. तुम्हाला चेष्टाच करायची असेल तर करा.

त्रैराशिक:
वर सगळे आपापलं सांगतायत, आकडे कुणीच नाही. १५०० लिटर पाणी १ डिग्री फॅरनहाइटने चढवायला जवळजवळ १ युनिट लागतं. अगदी बरोबर ०.९८ वगैरे, पण १ धरा. म्हणजे थंडीत नवीन पाणी भरून ६० वरून १०२ ला नेलंत तर ४१-४२ युनिट, सव्वासहा डॉलर, हीटरला साडेसात तास. हा खर्च मोठा नाहीच. मोठा आहे तो रोजचा गळका खर्च. कॅलिफोर्नियाच्या नियमाने ४०० गॅलनचा टब झाकण लावून नुसता गरम राहायला, बाहेर ६० असताना, २४५ वॅटच्या आसपासच खाऊ शकतो. म्हणजे दिवसाला ६ युनिट, महिन्याला २६-२७ डॉलर. तुमचा याच्या किती वर जातो ते आधी बघा. रात्री हीटर बंद करा, तापमान लिहा, सकाळी परत लिहा. जेवढ्या डिग्र्या उतरल्या तेवढी युनिटं गेली. स्मार्ट मीटर टेक्साससारख्या साईटवर पंधरा-पंधरा मिनिटांचं वाचन मिळतं, तिथेही हीटरचा डोंगर लगेच दिसतो. आणि ४२०० चा पंप वाचलेल्या बिलातून फिटेपर्यंत तुमची मुलं कॉलेजला जातील.

वाळवंटी:
फक्त बिलच बघायचं असेल तर टब ठेवूच नका ना. थंडगार पाण्याची मजा कुठल्या त्रैराशिकात बसवणार?

यमी:
मला आमच्या टबवाल्याने सांगितलंय की बंद-चालू करू नका, परत तापवायला जास्त वीज जाते. कायम १०० ला ठेवायचा. आमचा तसाच आहे.

त्रैराशिक:
जास्त जात नाही, कधीच नाही. पाणी जितकं कोमट तितकी बाहेर जाणारी उष्णता कमी, साधी गोष्ट आहे. फक्त बचत किती होते हा प्रश्न. चांगल्या झाकणाचा टब बाहेर ५० असताना दिवसाला ६-७ डिग्रीच उतरतो, त्यामुळे रोज बसणाऱ्याने बंद करून काही हाती लागत नाही. आठवड्याला एकदा बसणाऱ्याचा पाचवा हिस्सा वगैरे वाचेल. झाकण फुटकं असेल तर बरंच जास्त.

यमी:
म्हणजे आम्ही करतो ते बरोबरच आहे.

त्रैराशिक:
तुम्ही रोज बसता का?

यमी:
नाही.

लोणावळा_बंगला:
आमचा लोणावळ्याला भाड्याने द्यायचा बंगला आहे, जकुझी आहे, हीट पंप लावलाय. पंप उत्तम चालतो, लोणावळ्याची हवा त्याला मानवते, गेस्ट मानवत नाहीत. वीकेंडला आलेले लोक रात्री दोनला बाहेर पडतात आणि झाकण तिथेच कोपऱ्यात. सकाळी केअरटेकर बघतो तर रात्रभर वाफ, वर पाण्यात चिप्स. पावसाळ्यात तर झाकण ओलं, टबभोवतीचं कपाट ओलं, सर्किट बोर्डाला मुंग्या. वीजही घरगुती दराने मिळत नाही. माझं मत, पंप असो की नसो झाकणाला कुलूप लावा.

बाबू_ह्यूस्टन:
नानांना अनुमोदन. पण खडीसाखर, तुमचा उन्हाळ्याचा प्रश्न कुणी वाचलाच नाहीये. पाणी ९६ च्या खाली येत नाही कारण टब थर्मासच आहे. बाहेर रात्रीही ८०-८२ असतं आणि पाणी फिरवून गाळायची फिल्टर सायकल चालू असते. ते पाणी फिरवणाऱ्या पंपाची मोटर लो स्पीडवर ३००-४०० वॅट खाते, त्यातली बरीच उष्णता पाण्यातच उतरते. आठ तास फिल्टर म्हणजे रोजच्या २-३ डिग्र्या फुकट, आणि त्या बाहेर जायला वाटच नाही. म्हणून उन्हाळ्यात:
फिल्टर सायकल दोन-दोन तासांच्या दोन करा आणि पहाटे ठेवा, दुपारी नाही. कंट्रोल पॅनेलवर स्लीप किंवा इकॉनॉमी मोड असेल तर तो लावा. रात्री झाकण अर्धं उघडा आणि जेटचे हवेचे नॉब पूर्ण उघडून अर्धा तास चालवा, बुडबुड्यांनी वाफ होते आणि पाणी उतरतं. आणि वर सावली. दुपारचं ऊन काळ्या-तपकिरी झाकणावर पडू देऊ नका.
हे करून आमचं ८८-८९ पर्यंत येतं. फीनिक्सच्या कोरड्या हवेत याहून छान येईल, ह्यूस्टनला दमटपणामुळे येत नाही, तुम्ही मधे कुठेतरी.

कोथिंबीर:
बर्फ टाका की! गॅस स्टेशनवर पिशव्या मिळतात.

त्रैराशिक:
९ डिग्री फॅरनहाइट उतरवायला ६५-७० किलो बर्फ. २० पौंडाच्या सात-आठ पिशव्या, तेही दर वेळी. गाडीच्या डिकीत नदी.

कोथिंबीर:
मग थोडं पाणी काढून नळाचं गार पाणी भरा.

बाबू_ह्यूस्टन:
जुलैत आमच्या नळाला गार पाणी येतं असं कोण म्हणालं?

प्रवासी_पक्षी:
हीट पंप घेतलात तर सरकारकडून टॅक्स क्रेडिट मिळतं, ३० टक्के. सोलर घेतलं तरी. चौकशी करा.

त्रैराशिक:
घर आणि आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या यंत्रांना होतं ते, २०२५ अखेर तेही संपलं. स्विमिंग पूल आणि हॉट टब त्यातून आधीपासून स्पष्ट वगळलेले होते. कृपया असं सांगू नका, लोक फॉर्म भरतात.

प्रवासी_पक्षी:
माझ्या मेव्हण्याला मिळालं होतं.

त्रैराशिक:
मेव्हण्याला सांगा कागद जपून ठेवा.

निळी_शाई:
बचतीच्या नादात एक गोष्ट राहतेय. लेजिओनेला म्हणजे न्यूमोनिया करणारा पाण्यातला जंतू, त्याला ७७ ते ११३ फॅरनहाइट आवडतं, म्हणजे तुमचं कोमट पाणी त्याला अगदी पसंत. फिल्टर सायकल कमी केली, तापमान उतरवलं, तरी क्लोरिन ३ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका, पीएच ७.० ते ७.८. तपासायच्या पट्ट्या मिळतात, दोन मिनिटांचं काम. दुसरं, १०४ च्या वर कुणीच बसायचं नसतं. आणि सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे की ५ वर्षांखालच्या मुलांना हॉट टबमध्ये घालूच नये. तुमचं धाकटं ४ चं आहे.

नाना_मिनेसोटा:
झाकणाचं कुणी बोलतच नाहीये.

यमी:
नाना, तुम्ही बोललात की.

बाबू_ह्यूस्टन:
फेब्रुवारी २०२१ ची टेक्सासातली थंडीची लाट आठवतेय ना? वीज गेली, पाइप फुटले, ज्यांनी व्होलसेल दराचा प्लॅन घेतला होता त्यांना युनिटला ९ डॉलरपर्यंत दर लागला. टेक्सासमध्ये टब असेल तर फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या दराचा प्लॅनच घ्या. काही कंपन्या 'रात्री फुकट'वाले प्लॅन देतात, त्यात दिवसाचा दर चढा असतो, एसी असणाऱ्या घराला तो बुडवतो, पण हिशेब करून बघा. आणि अशा गोठवणाऱ्या रात्री वीज गेली तर झाकण उघडून बघायचा मोह आवरा, उघडलं नाही तर पाणी दीड-दोन दिवस तग धरतं. तेही झाकण धड असेल तर.

नाना_मिनेसोटा:
झाकण धड असेल तर!!

खडीसाखर:
सगळ्यांचे आभार. त्रैराशिक यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मोजलं. रात्री १० ला १०२, सकाळी ८ ला ९३. बाहेर ५० च्या आसपास होतं. झाकण उचललं तर खालून पाणी टपकलं, नानांचा फोम भरलाय बहुतेक.

त्रैराशिक:
१० तासांत ९. चांगल्या टबचे ३ झाले असते. रात्रीचे सहा युनिट तुम्ही उगाच पाजताय, साधारण ९० सेंट, दिवसाचं वेगळं. थंडीचे तीन-चार महिने धरलेत तर झाकणाचे पैसे दोनेक हिवाळ्यांत निघतात.

वाळवंटी:
मग झाकण ५०० आणि पंप ४२००, दोन्ही एकदम करून टाका.

लोणावळा_बंगला:
कुलूप विसरू नका.

खडीसाखर:
ठरलं. रागावू नका कुणी. हीट पंप नाही. झाकणही आत्ता नाही, ते ऑक्टोबरात, सेल लागतात तेव्हा. काल आम्ही शेतीच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद घेऊन आलो, ८ फुटी, २ फूट खोल. टेक्सासात बरेच लोक यात डुंबतात. हे झाडाखाली ठेवतायत, छोटा फिल्टर पंप लावायचा, बजेटात बसलं. उन्हाळ्यात मुलं त्यात, पाणी तापलं की थोडं बागेला सोडून नवीन भरायचं. हॉट टब एप्रिलच्या शेवटी रिकामा करून सप्टेंबरपर्यंत बंद. सासूबाईंचे गुडघे उन्हाळ्यात तसे दुखत नाहीत, त्या स्वतःच म्हणाल्या.

सदाशिवपेठी:
हौद! मी पहिल्याच दिवशी हेच म्हणत होतो.

यमी:
काका, तुम्ही बंब म्हणाला होतात.

वाळवंटी:
दोन फूट खोल पाण्यात काय डुंबणार? तरीही शुभेच्छा.

निळी_शाई:
त्या हौदातही क्लोरिन लागेल, नाहीतर डासांची शाळा भरेल. आणि मुलं आहेत, दोन फूट पाणीसुद्धा पुरेसं असतं, कुणीतरी मोठं समोर बसलेलं हवं.

नाना_मिनेसोटा:
रिकामा करताय तर ऐका. नुसता प्लग काढून भागत नाही, पाइपांत आणि पंपात पाणी उरतं, चार महिन्यांत आत बुरशी आणि वास. वेट-ड्राय व्हॅक्यूम उलटा लावून एकेक जेट फुंका. काढायच्या आधी पाइप साफ करायचं लिक्विड फिरवा. आणि रिकामा टब उन्हात उघडा ठेवू नका, पाणी नसलं की आतलं अॅक्रिलिक तापून फुगतं, त्याचे फोड कुणी भरून देत नाही. म्हणजे वर काहीतरी घालावंच लागेल.

खडीसाखर:
ते ओलं झाकणच घालणार आहे. तेवढ्यापुरतं चालेल ना?

नाना_मिनेसोटा:
चालेल. पण दोन दिवस उन्हात उभं वाळवा आधी, आणि उचलायला दोघं लागा.