इफच्या वाक्यात नुसतं 'वुड' कधी आणि 'वुड हॅव' कधी?

सातरस्ता
बारावीच्या मुलांचं सेकंड कंडिशनल (आज खरं नसलेल्या किंवा आशा कमी असलेल्या गोष्टीचं इफचं वाक्य) चालू आहे. सूत्र सगळ्यांना पाठ: इफच्या बाजूला साधा भूतकाळ, दुसऱ्या बाजूला वुड आणि क्रियापदाचं मूळ रूप. तरी वह्यांत तीन चुका हटकून सापडतात. एक, 'इफ आय वुड बी रिच'. दोन, 'नळाला रोज पाणी येत असतं तर दुसरी टाकी लागली नसती' याचं इंग्रजी करताना थेट 'वुड नॉट हॅव नीडेड'. तीन, 'इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड' अशी खिचडी. नियम पुन्हा पुन्हा सांगून फरक पडत नाही. नेमकं अडतंय कुठं? आणि 'वॉज' की 'वेअर', याचं परीक्षेपुरतं काय सांगावं?

खडू_डस्टर
सर, दुसरी आणि तिसरी चूक सरळ मराठीतून येते. आपण 'पाऊस आला तर मॅच रद्द होईल' म्हणतो. 'आला' दिसतो भूतकाळी, पण गोष्ट पुढची आणि घडू शकणारी. मुलगा तेच उचलून 'रेन्ड' आणि 'विल' लिहितो. इंग्रजीत आज-उद्याबद्दल बोलताना इफनंतर भूतकाळ आला की अर्थ होतो, हे खरं नाही किंवा होण्याची आशा कमी. पाऊस खरंच येऊ शकत असेल तर 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड'. घरी कन्नड बोलणारी मुलंही इथंच घसरतात, कारण 'बंदरे' हे रूपसुद्धा भूतकाळी अंगावरूनच होतं.

दुसऱ्या चुकीचं कारण वेगळं. मराठीतलं 'असतं तर… नसती' आजलाही चालतं आणि कालला पण. इंग्रजी तिथं दोन वाटा करते. म्हणून भाषांतराआधी मराठी वाक्यात वेळेचा शब्द घालायला लावा. 'सध्या' बसला तर सेकंड: 'इफ वॉटर केम एव्हरी डे, वी वुड नॉट नीड अ सेकंड टँक.' 'गेल्या मे महिन्यात' बसला तर थर्ड, म्हणजे होऊन गेलेल्या काळाचं कंडिशनल: 'इफ वॉटर हॅड कम एव्हरी डे लास्ट मे, वी वुड नॉट हॅव नीडेड अ टँकर.' आधी वेळ ठरवायची, इंग्रजी नंतर. ही सवय लागली की 'वुड हॅव'चा सुळसुळाट बराच थांबतो.

नवीपेठ
यात 'हॅड'चा घोळ राहिला. 'इफ आय हॅड अ बाइक' दिसलं की मुलं म्हणतात, हॅड आहे म्हणजे थर्ड. इथं हॅड हे 'हॅव'चंच भूतकाळी रूप, स्वतः मुख्य क्रियापद. थर्डमध्ये तेच 'इफ आय हॅड हॅड अ बाइक' होतं. दोन हॅड बघून मुलं एक खोडून टाकतात. नकार करताना 'हॅडन्ट अ बाइक' नको, 'डिडन्ट हॅव अ बाइक' लिहायचं.

आणि 'आय'ड' दिसलं तर पुढचं क्रियापद बघा. 'आय'ड गो' म्हणजे वुड, 'आय'ड गॉन' म्हणजे हॅड.

सातरस्ता
वेळेच्या शब्दाचा उपाय पटला. आता वाक्य बदलून लिहायचा प्रश्न. 'अ‍ॅज आय डोन्ट हॅव अ रिझर्वेशन, आय कान्ट ट्रॅव्हल बाय हुतात्मा एक्सप्रेस' हे इफने करायचं तर पायऱ्या कशा सांगायच्या?

खडू_डस्टर
'अ‍ॅज' काढून 'इफ' घाला. मग दोन्ही बाजू उलटवा: नकाराचा होकार, होकाराचा नकार. मग काळ एक पायरी मागे: डोन्ट हॅवचं हॅड, कान्टचं कुड. झालं: 'इफ आय हॅड अ रिझर्वेशन, आय कुड ट्रॅव्हल बाय हुतात्मा एक्सप्रेस.' गुण जातात ते उलटवण्यात. मुलं एकच बाजू उलटवतात आणि 'इफ आय हॅड अ रिझर्वेशन, आय कुडन्ट ट्रॅव्हल' असं भलतंच लिहून मोकळी होतात. इफ आधी असेल तर मध्ये स्वल्पविराम, शेवटी असेल तर नाही.

मूळ वाक्यच भूतकाळी असेल ('ही डिडन्ट स्टडी, सो ही फेल्ड') तर हे सूत्र लावायचं नाही. तिथं थर्डच.

शेंगाचटणी
वॉज-वेअरचं: बोलताना 'इफ आय वॉज' सर्रास चालतं, पेपरात आय, ही, शी, इट सगळ्यांना 'वेअर' लिहावं. 'इफ आय वेअर यू'ला तर दुसरा पर्यायच सांगू नका. इफ गाळायला सांगितलं तर वेअर पुढं येतो: 'वेअर आय द कलेक्टर, आय वुड…'

'इफ आय वुड बी'बद्दल: वुड हा परिणामाच्या बाजूचा. 'इफ यू वुड वेट हिअर' अशी वाक्यं भेटतात, पण ती अदबीची विनंती, सेकंड कंडिशनल नव्हे. बारावीला हे सांगायच्या भानगडीत पडू नये, विचारलं तरच.

'अनलेस'ही इथं टाळा. 'अनलेस आय वेअर बिझी' ऐवजी 'इफ आय वेअरन्ट बिझी'.

फर्स्ट (खरंच घडू शकणाऱ्या गोष्टीचं, 'विल'वालं) आणि सेकंड यांतला फरक फळ्यावर जोडीनं दाखवा. 'इफ आय गेट अ जॉब इन पुणे, आय विल लीव्ह सोलापूर' म्हणणाऱ्यानं मुलाखत दिलेली असते. 'इफ आय गॉट… आय वुड लीव्ह' म्हणणाऱ्याला नोकरीची फारशी आशा नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणानं बरोबर, म्हणून अशा गाळलेल्या जागा देताना आधी एक ओळ संदर्भ द्या. नाहीतर मुलाचं उत्तर चूक ठरवायला आपल्याकडे आधार राहत नाही.