नेटखालची मिरची उन्हात पांढरी पडायली: व्हायरस का ऊन?

भोकरदनचा मिरचीवाला
रामराम मंडळी. गेल्या आठवड्यात पाऊण एकर मिरची लावली, भर अकरा-बाराच्या उन्हात, कारण मजूर तेव्हाच मिळाले. ठिबक, मल्चिंगचा कागद सगळं आहे. रोपं रोपवाटिकेतल्या सावलीच्या हिरव्या नेटखालची, पानं रुंद अन् लुसलुशीत. तिसऱ्या दिवशी वरची पानं पांढरट, आता कागदासारखी कुरकुरीत. दुकानदारानं बघितलं न बघितलं अन् ‘व्हायरस हाय’ म्हणून औषध हातात ठेवलं. मारलं, फरक शून्य.

मला खटकायलंय ते वेगळंच. एका रोपाचं वरचं पान खालच्यावर आडवं आलेलं. उचलून बघितलं तर खाली बरोबर त्याच्याच आकाराचा हिरवा ठसा, टोकासकट. भोवती सगळं पांढरं. व्हायरस काय सावली बघून येतो का? अन् ऊन म्हणावं तर बांधापलीकडचा ऊस त्याच उन्हात मस्त डुलायलाय. झाडाला ऊनच लागतं ना, मग जास्त मिळालं तर बिघडलं कामून?

काका_सिल्लोड
पान उलटं करून भिंगानं बघ. फुलकिडे असले तर पान वर वळतं, कोळी कीड असली तर खाली. वळलंच नसेल तर औषधाचे पैसे गेले समज.

परभणीकर ताई
दादा, त्या हिरव्या ठशानंच निकाल दिलाय. हे उन्हाचंच काम.

पाटाचं उदाहरण घ्या. पाणी सोडलंय, पण बाऱ्याची, म्हणजे वाफ्यात पाणी जायची, तोंडं बंद. पाट फुटणारच. पानात ऊन म्हणजे पाणी, अन् कार्बन डायऑक्साइडपासून साखर करणं हा बारा. लावताना मुळं दुखावली, वरून गरम वारं, म्हणून पानानं आपली छिद्रं मिटून घेतली. आतला कार्बन डायऑक्साइड सरत आला, ऊन मात्र येतच राहिलं. त्या शिल्लक ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. पहिला मार बसतो तो प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतल्या डी१ नावाच्या प्रथिनाला. हे रोजच मोडतं अन् पान रोजच नवं घडवतं. मोडायचा वेग दुरुस्तीच्या पुढं गेला की प्रकाशसंश्लेषण बसतं, अन् तसंच चालू राहिलं की हरितद्रव्यही जळतं. उष्णतेनं दुरुस्ती आणखी मंदावते.

उघड्यावर वाढलेल्या पानात जादा ऊन उष्णता करून सोडून देणारी पिवळी रंगद्रव्यं भरपूर असतात. नेटखालच्या पानाला त्यांची गरजच पडलेली नसते. ते पातळ, अन् मिळेल तेवढा प्रकाश ओढून घ्यायला बनलेलं. दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश दर चौरस मीटरला दर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं माप) असतो, ५० टक्के नेटखाली त्याच्या निम्मा. मिरचीचं पान उघड्या उन्हाच्या त्या आकड्याच्या खूप आधीच तृप्त होतं. उसाचं तसं नाही. तो सी-४ गटातला, कार्बन डायऑक्साइड आत दाटून ठेवतो, म्हणून भर उन्हातही त्याचं काम चालतं.

पांढरं झालेलं परत हिरवं होणार नाही. पण अर्धं हिरवं पान तोडू नका, ते अजून कमावतंय. शेंडा जिवंत असला तर नवी पानं उन्हाला सरावूनच येतील. मल्चिंगची चंदेरी बाजू वर आहे का? तिच्यावरून ऊन पानाच्या खालूनही येतं.

रोपवाटिकावाला
खरं सांगतो, चूक आमचीही आहे. गिऱ्हाईकाला गडद हिरवं रोप लागतं. आठवडाभर नेट हळूहळू काढून पाणी कमी केलं की रोप बुटकं, फिकट दिसतं अन् लोक म्हणतात ‘हे काय मरतुकडं दिलं’. म्हणून शेवटपर्यंत नेट. पुढच्या वेळी ट्रे आणून चार-पाच दिवस बाभळीच्या विरळ सावलीत ठेवा अन् लावणी दिवस कलल्यावर करा.

भोकरदनचा मिरचीवाला
ताई, चंदेरी बाजू वरच आहे. काका, भिंगात काही सापडलं नाही. घरी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग पडला होता. आज दोघा पोरांना घेऊन प्रत्येक रोपाच्या नैर्ऋत्येला तीन-तीन काड्या टोचल्या. शंभरेक रोपं तशीच राहिलीत, काड्या संपल्या. शेंडे मोजले, दहातले सात हिरवे आहेत. बाकी तिनांच्या जागी आता नांगी भरायची ती कधी? मृग लागेपर्यंत थांबावं का?