३२ प्रश्नांचा फॉर्म भरला, मार्क चांगले आले आणि आठवड्यात परत प्यायला

देवगडची_ताई: भाऊ ३६ वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. बायपोलर आहे (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो) आणि दारू पण. मागच्या महिन्यात कौन्सेलिंगला नेला तर तिथे ३२ वाक्यांचा फॉर्म दिला, "सहमत-असहमत" वाला, म्हणे यावरून बदलायची तयारी कळते. आई शेजारी बसलेली, याने भराभर आईला बरं वाटेल अशीच उत्तरं दिली. मार्क मस्त आले, आम्ही खूश, आणि आठव्या दिवशी बंदरावरून झिंगून घरी. मग असल्या फॉर्मचा उपयोग काय?

समुपदेशक_चिपळूण: तो युरिका असणार, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठातला, १९८३ चा. त्यात नुसतं "माझी समस्या" असं असतं, कुठली ते नाही. भावाच्या डोक्यात दारू असेल, बायपोलरच्या गोळ्यांचा विषयच निघाला नसेल, आणि दोन्ही आजार एकत्र असले की एकाची तयारी असते, दुसऱ्याची नसते, हे आम्ही रोज बघतो. खास दारूसाठी सॉक्रेटिस म्हणून १९ वाक्यांचा फॉर्म आहे, पण तोही आईसमोर भरला तर तेच होणार ना! मी तर शून्य ते दहाची पट्टी वापरतो, तयारी किती ते आकड्यात सांग म्हणतो, दारू सोडायला वेगळी, गोळ्या घ्यायला वेगळी. ४ म्हणाला तर "४ च का" असं दरडावायचं नाही, "२ का नाही म्हणालास" असं विचारायचं, मग तो स्वतःच बदलायची कारणं सांगायला लागतो. आणि मूड चढलेला असताना विचारू नका, तेव्हा सगळ्यालाच १० सांगेल.

जुना_तांडेल: मी स्वतः यातून गेलोय. डॉक्टरसमोर ९, जेट्टीवर मित्र दिसले की ३. जून-जुलैत मासेमारी बंद, हातात काम नाही, तेव्हा तर विचारूच नका. एकदाच मोजून काय कळणार, दर भेटीला विचारा. आणि रोज भरपूर पीत असेल तर घरीच एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला विचारा.

देवगडची_ताई: काल आई देवळात गेलेली तेव्हा पडवीत बसून विचारलं. दारू सोडायला ७ म्हणाला. गोळ्यांना २. मी म्हटलं, शून्य का नाही रे? बराच वेळ जाळं विणत गप्प बसला, मग म्हणतो, "झोप लागता मगे. पण सकाळी डोकां जड होता." दोन वर्षं आम्ही समजत होतो हा हट्टाने गोळी घेत नाही, आणि याला पहाटे बोटीवर उभं राहवत नव्हतं. सोमवारी डॉक्टरांना हेच सांगणार आहे, गोळीची वेळ नाहीतर डोस बदलतो का बघू.

समुपदेशक_चिपळूण: नक्की सांगा, आणि बोटीवर किती वाजता चढतो तेही सांगा. त्या दिवशी आईंना जरा बाहेरच बसवा 🙂