टेप नव्हे, पॅड तपासा

कुमार गंधर्वांची तरुणपणी घासून ऐकलेली कॅसेट आता दबलेली वाजते, म्हणजे टेपच संपली, आता मोबाईलवरच ऐका, असं म्हणतात; मला ते पटत नाही. मोबाईलवर ऐकण्याआधी प्रेशर पॅड बघा. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध, पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे प्लेअरमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. डिंक वाळला की हा तुकडा गळतो, टेप हेडपासून किंचित सुटते आणि आधी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता गुंजारव, जाते, मग शब्दांतले 'स', 'श'. स्क्रूवाली रद्दी कॅसेट उघडा आणि तिचं पॅड पट्टीसकट इकडे बसवा. कवच चिकटवलेलं असेल तर ते जपून फोडून दोन्ही रिळं रद्दी कवचात हलवा, टेपला बोट न लावता.

आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात आणखी एक दुखणं: कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (प्लेअरमध्ये) मुळीच घालू नका, हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती कॅसेट एखाद्या जुन्या डेकवर आधी सावकाश साफ करा, नंतर त्या डेकचं हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा फिरता दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. टेपला कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणीच बरं, अल्कोहोलनं रबर कडक होऊ शकतं.