आजोबांचं घर

ब्रिटनमधलं वेल्स सोडून गेलेल्या कृतज्ञ माणसांबद्दल बोलायचं, तर जॉन डॅनिएल इव्हान्स यांची आठवण हवीच. १८६५ साली ‘मिमोसा’ जहाज दीडशेच्या आसपास वेल्श माणसांना घेऊन लिव्हरपूलहून अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाला गेलं. त्यात हे तीन वर्षांचं पोर होतं. कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या त्या मुलखात तिथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांनी या नवख्यांना शिकार शिकवली. ते उपकार विसरता येण्यासारखे नाहीत.

१८८४ मध्ये मात्र मापुचे या दुसऱ्या मूळच्या जमातीच्या योद्ध्यांच्या हल्ल्यात इव्हान्स यांचे तिघे सोबती मारले गेले. (तेव्हा अर्जेंटिनाचं सैन्य मूळच्या लोकांना देशोधडीला लावत होतं, हे विसरून ही गोष्ट सांगणं मला अन्यायाचं वाटतं.) इव्हान्स वाचले ते ‘मालाकारा’ घोड्यामुळे. त्याने एका खोल घळीत उडी घेतली आणि धन्याला सुखरूप पार नेलं.

पुढे इव्हान्स यांनी अँडीजच्या पायथ्याशी पिठाची गिरणी उभारली. तिथल्या त्रेवेलिन या गावाच्या वेल्श नावाचा अर्थच ‘गिरणीचं गाव’. १९०९ मध्ये म्हातारा मालाकारा गेला, तेव्हा त्यांनी त्याला पुरून वर दगड बसवला: ‘माझा जीव वाचवणारा माझा घोडा’ अशा अर्थाचा मजकूर कोरून.

ते स्वतः १९४३ पर्यंत जगले. नातीने त्यांच्या वस्तू जपून तिथे छोटं संग्रहालय केलं. त्याचं वेल्श नाव ‘कार्त्रेव्ह ताइद’, म्हणजे आजोबांचं घर. एवढे दोन शब्द वाचले तरी मला भरून येतं.